रिग्बी ठेवायची की हॉलंड? वारशातल्या शिकारी रायफलींपैकी एक निवडताना

२०२०च्या दिवाळीआधी आबांनी, म्हणजे आमच्या थोरल्या काकांनी, मला कोल्हापूरच्या जुन्या घरी बोलावून घेतलं आणि आतल्या खोलीतून दोन चामडी पेट्या सोप्यात आणायला लावल्या.

"यातली एक जाणार," म्हणाले. "कुठली ते तू सांग. माझ्यानं व्हायचं न्हाई."

एका पेटीत हॉलंड अँड हॉलंडची .३७५ मॅग्नम, दुसरीत रिग्बीची .३५०. दोन्ही लंडनच्या जुन्या बंदूक-कंपन्या; आकडा म्हणजे बोअर, साधारण नळीच्या भोकाचा व्यास, इंचांत. तिसरी बारा बोअरची दुनळी होती. ती पणजोबांची, तिच्याबद्दल बोलायचंच नव्हतं. १४ डिसेंबर २०१९ला हत्यार कायद्यातली दुरुस्ती लागू झाली आणि एका माणसाच्या नावावर तीनाऐवजी दोनच हत्यारं राहू लागली. तिसरं जमा करायला वर्षभर मुदत होती. आबांनी त्यातले दहा-अकरा महिने "बघू की" म्हणण्यात घालवले होते.

तेव्हापासून कागल, गडहिंग्लज, पन्हाळ्याकडची चार-पाच घरं हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे आली. मी काही बंदूकवाला नव्हे. कॉलेजात असताना क्लबात पॉइंट टू-टू मारायचो आणि पुढे वाचत गेलो, एवढंच भांडवल. पण दर वेळी तेच सांगावं लागतं, म्हणून एकदा सगळं लिहून काढतो. तुमच्याकडे हॉलंड-रिग्बीऐवजी वेस्टली रिचर्ड्स किंवा जेफ्री असली तरी तपासायची रीत हीच.

आधी कागद, मग पेटी

पेटी उघडायच्या आधी एक गोष्ट नक्की करा: लायसन्सधारक हयात आहेत का. ते वारले असतील तर हत्यार घरात ठेवणं हाच गुन्हा होऊ शकतो, मग ते कितीही वर्षं भिंतीवर असो. तेराव्याची वाट बघू नका. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा लायसन्स असलेल्या बंदूक-विक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या आणि पुढची सगळी पाहणी तिथेच करा.

ते हयात असतील तर काम सोपं. २०१६च्या नियमांप्रमाणे धारकाचं वय सत्तर झालं किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्यांच्याकडे असलं, की ते हयात असतानाच वारसाला लायसन्स मागता येतं. कोल्हापूर जिल्ह्यात हा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. इतर वारसांची ना-हरकत लागते, हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, वैद्यकीय दाखला लागतो आणि पोलिसांचा चौकशी अहवाल येतो. बहिणींच्या सह्या शेवटी घेऊ म्हणणाऱ्या घरांचं शेवटी काय होतं, ते सातबाऱ्याच्या निमित्तानं आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

वारसा हक्कानं मिळणाऱ्या लायसन्सलाही दोनचीच मर्यादा आहे. पण ती माणशी आहे, घरटी नाही. त्यामुळे दुसरा भाऊ किंवा बहीण स्वतः अर्ज करून तिसरं हत्यार आपल्या नावावर मागू शकते. ज्या गावच्या तेजस्विनी सावंत रायफलमध्ये २०१०ला विश्वविजेत्या झाल्या आणि ज्या जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ला पॅरिसमध्ये ऑलिंपिक पदक आणलं, तिथे "पोरीच्या नावावर बंदूक कशाला" हे वाक्य आता शोभत नाही. आमच्या ताईला विचारलं होतं. ती म्हणाली, "मला कपाट पुसायचा कंटाळा, त्यात हे कुठं." तेव्हा निवडणं भागच पडलं.

कशासाठी ठेवायची आहे?

शिकारीसाठी नाही, हे पहिल्यांदाच मान्य करा. दाजीपूरचं रान एके काळी कोल्हापूरच्या छत्रपतींचं राखीव शिकारीचं रान होतं. १९५८ला तिथे अभयारण्य झालं आणि १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा विषय मिटला. उसात गवा शिरला तर वन खात्याला फोन करायचा; .३७५ घरात आहे म्हणून तुम्हाला कसलाही जादा अधिकार मिळत नाही. वरातीत किंवा यात्रेत बार काढायचा विचार असेल तर त्याच २०१९च्या दुरुस्तीत त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी सोय करून ठेवली आहे.

मग उरतं काय? घरची आठवण, एक उत्तम यांत्रिक वस्तू आणि क्वचित कधी योग्य रेंजवर चार गोळ्या झाडणं. या तिन्हींत तुमचा कल कुठे आहे ते आधी ठरवा, कारण निवड त्यावर फिरते.

नावाचा दरारा

आबांचं म्हणणं, "हॉलंड म्हणजे हॉलंड." त्यांच्या एका मित्राचं म्हणणं, रिग्बीपुढे सगळं लाकूड. दोघंही चहा गार होईपर्यंत भांडू शकतात.

रिग्बी मूळ डब्लिनची. स्थापना १७७५ची म्हणतात. पुढे ती लंडनला आली. मॉझर कंपनीचा जर्मन बोल्ट (मागून सरकवून काडतूस नळीत बसवणारी आणि बंद करणारी दांडी) इंग्लंडात आणून त्यावर शिकारी रायफली बांधण्यात तिचा पुढाकार होता. जिम कॉर्बेट यांना चंपावतच्या नरभक्षक वाघिणीनंतर भेट मिळालेली .२७५ रिग्बीचीच. हॉलंडचं दुकान १८३५चं. हत्तीसाठी, वाघासाठी मोठ्या दुनळी रायफली ही त्यांची खासियत. 'रॉयल' नावाची त्यांची दुनळी राजेरजवाड्यांच्या शस्त्रागारात हमखास असे. आज रिग्बी ज्या जर्मन समूहाकडे आहे त्याच समूहात मॉझरही आहे, आणि हॉलंड २०२१पासून इटलीच्या बेरेटाकडे आहे.

पण गंमत अशी, की आपल्याकडच्या घरांत सापडणाऱ्या या दोघींच्या एकनळी, बोल्टच्या रायफली बहुतेक एकाच आईच्या लेकी आहेत. हॉलंडनंही मॉझरचाच बोल्ट वापरला. त्यामुळे नळीवर लंडनचा पत्ता आणि आत जर्मन शिक्का दिसला की "डुप्लिकेट आहे" असं कुणी सांगितलं तर घाबरू नका. तो शिक्का असायलाच हवा.

नळीवरचं अक्षर अन् अक्षर वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. भिंग घ्या, बॅटरी घ्या आणि जे दिसेल ते कागदावर जसंच्या तसं उतरवा.

हॉलंडवर बहुधा ९८ न्यू बाँड स्ट्रीट असा पत्ता दिसेल, रिग्बीवर बऱ्याचदा ४३ सॅकव्हिल स्ट्रीट. नंबर नळीवर, बॉडीवर आणि बोल्टवर शोधा. बोल्टवरचा नंबर जुळत नसेल तर तो बोल्ट दुसऱ्या रायफलीचा असू शकतो. अशी रायफल कारागिरानं पाहिल्याशिवाय झाडायची नाही. दोन्ही कंपन्यांकडे जुन्या वह्या आहेत. नंबर कळवून, फी भरून ती रायफल कधी आणि कशी बनली याची नोंद मागवता येते. आमच्या घरात "शाहू महाराजांनी पणजोबांना दिली" अशी एक कथा होती. अशा कथा कोल्हापुरात दर तिसऱ्या वाड्यात आहेत. वहीत काय निघतं ते बघायची तयारी असेल तरच पत्र पाठवा.

आता बोअर. नुसता आकडा वाचून काडतूस ठरवायचं नाही, ही या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. रिग्बीची .२७५ म्हणजे जर्मन ७ बाय ५७ मॉझर. हॉलंडचीही .२७५ मॅग्नम आहे, पण ती वेगळी, तिच्या काडतुसाच्या बुडाला पट्टा आहे. आकडा सारखा, काडतूस वेगळं. .३७५चं तर आणखी अवघड. १९१२ची पट्ट्याची .३७५ मॅग्नम ही प्रसिद्ध, तिचीच दुनळीसाठी काठाची म्हणजे फ्लँज्ड आवृत्ती आहे, त्याआधीची हॉलंडचीच.४००/.३७५ आहे, शिवाय इतरांची.३७५ नायट्रो एक्सप्रेस. रिग्बीच्या .३५०लाही मॅग्नम आणि 'नंबर टू' अशी दोन रूपं आहेत. चुकीचं काडतूस चेंबरमध्ये कसंबसं बसलं तर बोल्टमागे तुमचंच तोंड असतं.

लायसन्सवर काय लिहिलंय तेही शेजारी ठेवून पाहा. जुन्या लायसन्सवर कारकुनानं ".३७५ रायफल" एवढंच लिहिलेलं असतं, कधी नंबरातला एखादा आकडाच गळालेला असतो. आबांच्या लायसन्सवर रिग्बीच्या नंबरातल्या ३चा ८ झाला होता, आणि तो चाळीस वर्षं तसाच रिन्यू होत आला होता. दुरुस्तीचा अर्ज आधी करा. हस्तांतराच्या वेळी हे निघालं तर फाइल टेबलावरून हलत नाही.

बोअरच्या बंदीचंही बघा. .३०३, ७.६२, ९ मिलिमीटर असे फौजेचे बोअर सामान्य लायसन्सवर चालत नाहीत. हे काही आजचं नाही. इंग्रज सरकारनं १९०७च्या सुमारास हिंदुस्थानात .४५० बोअरवर बंदी घातली, कारण फौजेच्या त्याच बोअरच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली बंडखोरांच्या हाती होत्या आणि गोळ्या त्यांना मिळू नयेत असं सरकारला वाटत होतं. मग बंदूकवाल्यांनी .४६५, .४७०, .४७५ असे शेजारचे आकडे काढले. हॉलंडची .५००/.४६५ त्यातलीच. सरकारी नियमाला बगल देण्याची कला आपण एकट्यांनीच शोधली असं नाही.

नळीत डोकावताना

पहिलं काम, रिकामी आहे याची खात्री. बोल्ट उघडा, चेंबरमध्ये बघा, करंगळी घालून चाचपा, खालची मॅगझिन बघा. मग मॉझरच्या डाव्या अंगाला मागे जी छोटी पट्टी असते ती बाहेर ओढून बोल्ट पूर्ण काढून घ्या. हे सगळं लायसन्सधारकाच्या किंवा विक्रेत्याच्या हातानं.

आम्ही आबांसमोर रिग्बीचा बोल्ट काढायला गेलो तर तो निघेना. निघाला तेव्हा त्यावर पिवळट, चिकट, वार्निशसारखा थर. काकूंनी वर्षानुवर्षं खोबरेल लावलं होतं. मायेनं लावलं होतं, पण खोबरेल थंडीत गोठतं, उन्हाळ्यात खवट होतं आणि शेवटी सरस होऊन बसतं. बोल्टच्या आतली पिन अशानं आळशी होते. रॉकेलमध्ये भिजवून, जुन्या टूथब्रशनं घासून तो थर काढायला दोन संध्याकाळी गेल्या.

नळी आधी कोरड्या पांढऱ्या कापडानं पुसा. तेलानं भरलेली नळी नेहमी चकचकीतच दिसते; विकणाऱ्याला हे माहीत असतं. मग चेंबरच्या बाजूला पांढरा कागद धरून तोंडाकडून बघा आणि नंतर उलट्या बाजूनं. आटे, म्हणजे नळीतल्या पिळदार खाचा, धारदार, वळणं स्पष्ट, तळ उजळ दिसला पाहिजे. काळे ठिपके म्हणजे खड्डे. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्यामुळे बार झाल्यावर नळीत मिठासारखा क्षार उरायचा. तो तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून जुने शिकारी रात्री कॅम्पवर परतले की आधी नळीतून उकळतं पाणी ओतत, मग पुसून तेल. ज्यांनी तेवढं केलं त्यांच्या नळ्या शंभर वर्षांनीही आरशासारख्या आहेत. ज्यांनी नुसतं तेल फिरवलं त्यांच्या नळीत गगनबावड्याचा पाऊस उतरलेला दिसतो.

चेंबरच्या लगेच पुढचा वीतभर भाग खास बघा. जुनी कॉर्डाइट दारू फार गरम जळायची आणि तिथले आटे खायची. तोंडाकडून हे कळत नाही. आबांची हॉलंड तोंडाकडून रिग्बीपेक्षा मळकट दिसत होती. उलट्या बाजूनं बघितलं तेव्हा रिग्बीचे पहिले दोन-तीन इंच आटे जवळजवळ पुसलेले. माझा कौल तिथेच अर्धा फिरला.

मग दस्ता, म्हणजे लाकडी भाग. मूठ जिथे निमुळती होते त्या मनगटाशी आणि बोल्टच्या शेपटामागे केसासारखी चीर शोधा. मोठ्या बोअरचा धक्का आधी तिथे बोलतो. नखानं चीर लागली नाही तर किंचित तेल लावून पुसा. चिरेत तेल राहतं आणि रेघ उमटते. मागचं रबर दगडासारखं झालेलं असेल तर चिंता नाही, ते बदलता येतं, पण जुनं फेकू नका. स्क्रूंच्या खाचा चेपलेल्या असतील तर कुणीतरी साध्या पेचकसानं आत हात घातला आहे. अक्षरांच्या कडा गुळगुळीत आणि पॉलिश मात्र कोरं असेल तर नंतर घासून निळी केली आहे. गोळी जाते तशीच, किंमत मात्र उतरते.

नेम धरायची पुढची माशी आणि मागची घडीची पानं सरळ उभी राहतात का बघा. त्यांवर १००, २००, ३०० यार्डांचे आकडे असतात. रिग्बीची मागची पानं मला आजही हॉलंडपेक्षा नजरेला लवकर सापडतात. याबाबतीत आबांच्या मित्राला मी मान देतो.

काडतूस कुठून आणणार?

ज्याला रायफल झाडायची आहे त्याच्यासाठी निकाल इथेच लागतो.

हॉलंडनं .३७५ सुरुवातीला स्वतःपुरती ठेवली, मग खुली केली. १९३०च्या दशकात अमेरिकेत विंचेस्टरनं ती आपल्या रायफलीत घेतली आणि ती जगभर पसरली. आफ्रिकेत अनेक देशांत हत्ती-रेड्यासारख्या जनावरांना किमान बोअर .३७५ असा नियम आहे, त्यामुळे तिची काडतुसं आजही अनेक कंपन्या बनवतात. शिवाय २३५, २७० आणि ३०० ग्रेन अशा तीन वजनांच्या गोळ्या ती फारसा नेम न बदलता टाकते म्हणून तिचं नाव आहे. काडतूस उतरतं, निमुळतं असल्यानं उन्हातही झाडलेलं कवच अडकत नाही.

१९०८ची .३५० रिग्बी मॅग्नम आपल्या काळात झकास होती; २२५ ग्रेनची गोळी, धक्का सोसण्याजोगा. पण किनॉक या इंग्रज काडतूस-कंपनीनं १९७०च्या आसपास ही जुनी शिकारी काडतुसं बनवणं सोडलं आणि ती जवळजवळ अनाथ झाली. .४१६ रिग्बीचंही तसंच झालं असतं. ती पुढे अमेरिकनांनी पुन्हा जिवंत केली. तुमच्या घरी .४१६ असेल तर गोष्ट वेगळी. दुसऱ्या महायुद्धापर्यंत त्या फारच थोड्या बनल्या. ती द्यायच्या आधी दहा वेळा विचार करा.

भारतात मात्र .३७५चंही काडतूस दुकानात रांगेनं मांडलेलं नसतं. लायसन्सवर ठरलेल्या संख्येत आणि विक्रेत्याकडे असलं तर मिळतं. घरात आजोबांच्या वेळच्या काडतुसांचा डबा असेल तर ती झाडायची नाहीत. हिरवी पडलेली, मान तडकलेली असतील तर विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात जमा करा. विहिरीत टाकू नका. आमच्याकडे कुणीतरी हे केलं होतं, आणि पुढे गाळ काढताना गडी ओरडत वर आला.

मी काय सांगितलं

आबांना म्हणालो, हॉलंड ठेवा. नळी बरी, काडतूस जगात आहे, नंबर लायसन्सशी जुळतो. रिग्बी बांधणीत सुंदर, पण तिचे आटे गेलेत आणि तिला खायला घालायला काही नाही. कधीच झाडायची नसती आणि केवळ रूप ठेवायचं असतं, तर कदाचित मी उलटं बोललो असतो. नुसतं रूपच बघायचं असेल तर न्यू पॅलेसचं संग्रहालय गाठा. पेंढा भरलेल्या जनावरांमध्ये उभं राहिलं की या बंदुका कशासाठी होत्या ते न सांगता कळतं. आणि तशीच शिंगं-कातडी तुमच्या भिंतीवर असतील तर त्यांचे मालकीचे कागद वन खात्याकडून झालेत का, हे त्याच आठवड्यात बघा. तो वेगळा कायदा आहे आणि तो बंदुकीच्या लायसन्सला विचारत नाही.

आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "रिग्बीनंच पहिला बार काढला हुता मी." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जाणारीचं काय?

पर्याय थोडे आहेत. लायसन्स असलेल्या दुसऱ्या माणसाला विकता येते, पण आधी लेखी कळवून. हातोहात, ओळखीत, "नंतर कागद करू" असं नाही. विक्रेत्याकडे ठेवायला देता येते, त्याचं भाडं द्यावं लागतं. ठाण्यात जमा करता येते. कायमची निकामी करून शोभेला ठेवायची असेल तर तेही परवानगीनं आणि अधिकृत कारागिराकडूनच. घरच्या वेल्डरकडून नव्हे.

जमा करताना नळीला आतून-बाहेरून बंदुकीचं तेल लावा आणि चामड्याच्या पेटीत बंद करून देऊ नका. कोल्हापूरच्या पावसाळ्यात चामडं आणि आतली मखमल ओल धरतात. दोन महिन्यांत नळीवर पेटीच्या कप्प्याचा गंज छापलेला निघतो. सुती पिशवी बरी. पट्टा काढून घरी ठेवा. पट्ट्याला लायसन्स लागत नाही. रिग्बीचा पट्टा आबांच्या खुंटीवर अजून आहे.

आणि पावती. आम्हाला पहिल्यांदा जी मिळाली तिच्यावर लिहिलं होतं: "जुनी रायफल, नग एक." ती परत केली. कंपनी, बोअर, नळीवरचा नंबर, बोल्टवरचा नंबर, दस्त्याची अवस्था, तारीख, शिक्का, सगळं लिहून घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरायची नाही. समोरचा माणूस वैतागला. आबा काउंटरजवळच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "लिवा सावकाश. आमाला घाई न्हाई."